वरात अडवली, आता खटला कोण चालवणार?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं एकाच विषयाभोवती फिरतात: जात, धर्म किंवा भाषेवरून झालेल्या अत्याचाराच्या केसेस, आणि त्यात साक्षीदारांनी, गावाने काय करायचं. म्हणून वारसा, पहाणीपत्रक आणि पोटगीची पत्रं पुढच्या अंकात घेते. लिहिणाऱ्यांची नावं आणि गावं मी काढून टाकली आहेत. ज्या गावात केस चालू आहे तिथे एवढी काळजी घ्यायलाच हवी.

ताई, नमस्कार. मी निपाणी तालुक्यातला, जातीने मराठा. थोडी शेती, दोन म्हशी. फेब्रुवारीत आमच्या गावात बौद्ध वस्तीतल्या एका मुलाची वरात मारुतीच्या देवळापुढे अडवली. 'घोड्यावरून उतर' म्हणून शिव्या दिल्या, नवऱ्याच्या मामाचं डोकं काठीने फोडलं. ॲट्रॉसिटीची केस झाली, पाच जण आत गेले आणि जामिनावर सुटून आले. तेव्हापासून वस्तीतल्या लोकांना रानात कामाला बोलवत नाहीत, डेअरीत त्यांचं दूध 'फॅट लागत नाही' म्हणून परत करतात, गिरणीत दळण घेत नाहीत. वरात अडवली तेव्हा मी आणि आमच्या गल्लीतले दोघं पानपट्टीवर उभे होतो. सगळं डोळ्यांनी बघितलं. पोलिसांनी आमची नावं घेतलीत. घरचे म्हणतात, तू कशाला मधे पडतोस, आपलीच माणसं आत जातील. मला खोटं बोलायचं नाही. पण एकट्याने खरं बोलून काय होणार? आणि साक्षीपलीकडे आमच्यासारख्यांनी करण्यासारखं काही असतं का?

दादा, वस्तीतून मला अशी पत्रं नेहमी येतात. देवळापुढच्या गल्लीतून आलेलं पत्र क्वचितच हाती पडतं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या साक्षीचं वजन किती ते सांगते. मार खाल्लेल्याचा भाऊ, मामा, शेजारी साक्षीला उभा राहिला की आरोपीचा वकील पहिल्यांदा हेच विचारतो, 'तुम्ही फिर्यादीचे नातेवाईक ना? तुमचं त्यांचं जुनं वैर ना?' हा प्रश्न तुम्हाला विचारता येत नाही. तुम्ही आरोपींच्याच जातीचे, त्यांच्याच गल्लीतले. तुमचं एक सरळ वाक्य दहा नातेवाइकांच्या साक्षीला आधार देतं. दुसरं असं की जातीवरून केलेला अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला हे ॲट्रॉसिटी कायद्यात, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, सिद्ध करावं लागतं. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना दिलेली शिवी या कलमात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात सांगितलं. त्यामुळे पानपट्टीवर उभे असलेले तुम्ही तिघं म्हणजे त्या कलमाचा पुरावाच आहात. तुम्ही माघार घेतलीत तर शिवी दिली गेली, पण ऐकली कोणी, हा प्रश्न उरतो.

कर्नाटकातली दोन गावं तुम्हाला सांगते. ११ मार्च २००० ला तेव्हाच्या कोलार जिल्ह्यातल्या कंबालपल्लीत सात दलितांना जाळून मारलं. साक्षीदार एकेक करून फितूर झाले आणि २००६ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. दुसरं गाव कोप्पळ जिल्ह्यातलं मरकुंबी. तिथे ऑगस्ट २०१४ मध्ये दलितांची घरं पेटवली. खटल्याला दहा वर्षं लागली, तरी लोक साक्षीला उभे राहिले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कोप्पळच्या न्यायालयाने १०१ जणांना दोषी ठरवलं, त्यातल्या ९८ जणांना जन्मठेप दिली. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या धारवाड पीठाने बहुतेकांना जामीन दिला, हेही सांगितलं पाहिजे. अपिलाची लढाई वेगळी असते. पण खालच्या कोर्टात सत्य नोंदलं गेलं ते माणसं टिकली म्हणून. कायदा दोन्हीकडे तोच होता.

आता तुमच्या जबाबाचं. तपास अधिकारी तुमचा जबाब कन्नडमध्ये लिहितील. तुम्ही मराठीत बोलणार. लिहून झाल्यावर 'मला मराठीत वाचून सांगा' असं म्हणा आणि ऐकल्याशिवाय उठू नका. पोलिसांपुढच्या साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायची नसते, तुम्हीही करू नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काय शिवी दिली, कोणी दिली, तो कुठे उभा होता हे जसंच्या तसं सांगा. ते शब्द तोंडावर आणायला लाज वाटते, मला माहीत आहे. पण 'जातीवाचक शिवीगाळ केली' एवढंच लिहिलेले जबाब मी कितीतरी वाचलेत आणि त्या एका मोघम वाक्यावर केस ढासळताना बघितली आहे. पाच आरोपींपैकी कोण काय बोलला हेच त्यात नसतं. चार वर्षांनी उलटतपासणीत साक्षीदाराला नेमके शब्द आठवतात, तेव्हा वकील म्हणतो, 'पोलिसांपुढे हे सांगितलं नव्हतंत, आज शिकवून आणलंय.' म्हणून पहिल्या दिवशीच सगळं आलं पाहिजे.

तुम्ही तिघांनीही तपास अधिकाऱ्याला लेखी विनंती करा की आमचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवून घ्या. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्यासाठी १८३ वं कलम आहे. शपथेवर एकदा नोंद झाली की तुमच्यावर दबाव आणणाऱ्यालाही कळतं, आता याला फिरवून फारसा उपयोग नाही. घरच्यांना हे नीट समजावून सांगा. 'अजून काही ठरलेलं नाही' असं लोकांना वाटतं तोवरच दारात गर्दी असते.

वरातीत मोबाईलवर शूटिंग कोणीतरी केलंच असणार. ते व्हॉट्सॲपवर फिरवून मूळ फाईल पुसून टाकू नका. ज्याच्या फोनमध्ये मूळ चित्रण आहे त्याने तो फोन पंचनामा करून पोलिसांकडे द्यायचा आणि नव्या साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाचं प्रमाणपत्र करून द्यायचं. प्रमाणपत्र नसेल तर चित्रण सगळ्या गावाने बघितलेलं असूनही कोर्टात अडकतं. बहुतेक वेळा शूटिंग करणारा पोरगा घाबरलेला असतो. त्याच्याबरोबर ठाण्यात जा. एवढंही मोठं काम आहे.

वस्तीतल्या लोकांबरोबर बसून कागद तपासा. तपास डीवायएसपी, म्हणजे पोलीस उपअधीक्षक, किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. खालच्या अधिकाऱ्याने केला तर तोच मुद्दा पुढे आरोपीच्या उपयोगी पडतो. कर्नाटकात २०२५ पासून नागरी हक्क अंमलबजावणी संचालनालयाची, म्हणजे डीसीआरईची, वेगळी पोलीस ठाणी सुरू झाली आहेत. तुमची केस कोणाकडे आहे ते विचारून घ्या. फिर्यादीचा जातीचा दाखला नाडकचेरीतून काढून फाईलला लावला आहे का बघा. दाखला नाही म्हणून सुटलेले आरोपी मी पाहिले आहेत, आणि त्याइतकं टाळता येण्यासारखं दुसरं काही नाही. बौद्ध असल्याने संरक्षण जात नाही, १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचे हक्क आहेत. एफआयआरमध्ये वरात अडवल्याचं कलम आहे का तेही बघा. वरात काढणं, वरातीत घोड्यावर बसणं, नवे कपडे किंवा चप्पल घालणं, मोटरसायकल चालवणं, जत्रेत सहभागी होणं यात आडकाठी आणणं हा २६ जानेवारी २०१६ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. पुष्कळदा नुसतं मारहाण आणि शिवीगाळ लावून मोकळे होतात. आरोपी एकाच गावचे आहेत, त्यांना या कुटुंबाची जात माहीत होती हे कोर्ट गृहीत धरतं. उलट काही असेल तर ते त्यांनी सिद्ध करायचं.

डेअरी, गिरणी आणि रानातली कामं बंद करणं हा बहिष्कार आहे आणि बहिष्कार हा याच कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. जुन्या केसमध्ये त्याची आपोआप भर पडत नाही. वेगळी फिर्याद लागते. त्यासाठी एक वही घाला. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणाचं किती लिटर दूध कोणी परत केलं, काय म्हणाला. फॅटची पावती दिली नसेल तर तसं लिहा. इथे तुमच्या दोन म्हशी कामी येतात, दादा. तुम्ही त्या डेअरीचे सभासद असणार. वस्तीतली बाई दूध घेऊन येते त्याच वेळी तुम्हीही जा, तिच्या मागे उभे राहा आणि तिचं दूध तुमच्यासमोर मशीनवर लावायला सांगा. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत लेखी प्रश्न द्या आणि त्याचं उत्तर इतिवृत्तात घ्यायला लावा. एखादा सभासद सगळ्यांदेखत विचारतो तेव्हा पुष्कळ सभासदांची सुटका होते, कारण त्यांनाही हे पटलेलं नसतं, फक्त पहिला बोलणारा कोणी नसतो. आणि तुमच्या रानात भांगलणीला वस्तीतल्या बायकांना बोलवा. हे तर तुमच्याच हातात आहे. जामिनावरचे आरोपी बहिष्काराला चिथावणी देत असतील तर त्यांचा जामीन रद्द करून मागता येतो, आणि तुमचा भाग अत्याचारप्रवण म्हणून ठरवलेला असेल तर तिथून त्यांना हद्दपार करण्याचा अधिकारही विशेष न्यायालयाला आहे.

आता जिथे समाजाची खरी जागा आहे आणि जी जागा आपण रिकामी सोडतो, तिथे येते. या कायद्याच्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात डीसींच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या, अध्यक्षतेखाली दक्षता आणि देखरेख समिती असते. तिच्यावर खासदार, आमदार, एसपी असतात, अनुसूचित जाती-जमातींचे पाचपर्यंत बिगर-सरकारी सदस्य असतात आणि इतर समाजातले, संस्थांशी जोडलेले तीनपर्यंत सदस्य असू शकतात. तशीच समिती उपविभागाला असते. तुमच्यासाठी ती चिकोडीच्या एसींकडे, म्हणजे प्रांताधिकाऱ्यांकडे. जिल्ह्याच्या समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी बसलंच पाहिजे. केस कुठे अडली, नुकसानभरपाई मिळाली का, सरकारी वकील काय करतात, हे बघणं हे तिचं काम. तुम्ही, वस्तीतले दोघं-तिघं, दलित संघर्ष समितीचे तुमच्या भागातले कार्यकर्ते मिळून एक पत्र द्या. त्यात फक्त प्रश्न असू देत. एफआयआर कधी झाला, साठ दिवसांत आरोपपत्र गेलं का, नसेल तर कारण काय, साक्षीदार संरक्षणाचा अर्ज झाला का, बहिष्काराची फिर्याद का घेतली नाही. पत्राची पोच घ्या. मागच्या बैठकीचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागा. भाषणं देऊन आलेल्या शिष्टमंडळाला चहा मिळतो. तारखा घालून दिलेल्या पत्राला उत्तर द्यावं लागतं.

सरकारी वकिलांचाही आढावा असतो. विशेष सरकारी वकिलांच्या कामगिरीचा डीसी आणि अभियोग खात्याने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये आढावा घ्यायचा असतो. आणि पीडित कुटुंबाची इच्छा असेल तर डीसी त्यांच्यासाठी ज्येष्ठ वकील नेमू शकतात, फी सरकार देतं. या कायद्याच्या १९९५ च्या नियमांत हे चौथ्या नियमात लिहिलं आहे. फार थोडी कुटुंबं ते मागतात, कारण कोणी सांगतच नाही.

तुमच्या तालुक्याला या कामाचा वारसा आहे. १९२५ मध्ये बाबासाहेबांनी निपाणीत बहिष्कृतांची प्रांतिक परिषद घेतली होती. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना ते तोंडपाठ आहे. आपल्या गल्लीतल्या पोरांनाही सांगायला हरकत नाही.

घरचे म्हणतात मधे पडू नकोस. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातल्या वंटमुरीत एका बाईला विवस्त्र करून खांबाला बांधलं. तिचा मुलगा एका मुलीबरोबर पळून गेला, एवढंच कारण. उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली तेव्हा आरोपींइतकंच बघत उभ्या राहिलेल्या गावावर बोट ठेवलं. गप्प राहणाऱ्या गावाकडून ब्रिटिश गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या काळात दंड वसूल करत, त्याचीही आठवण काढली. ॲट्रॉसिटी कायद्यातही सामुदायिक दंडाची तरतूद आहे. तुम्ही घरी एवढंच सांगा की मी मधे पडलो नाही, मी तिथे होतो.

बाई, मी बिडी वळते. माझ्या भाच्याला मारलं त्या ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये मी साक्षीदार आहे. समन्स येतं, मी पहाटे उठून दोन बस बदलून जाते, आणि तिथे पुढची तारीख देतात. दिवसाचा रोज बुडतो. त्यांची माणसं स्टँडवर उभी असतात, काही बोलत नाहीत, नुसती बघतात. सरकारी वकील मला ओळखत पण नाहीत. मला कन्नड येत नाही. परत गेलं नाही तर चालेल का?

मावशी, जावं लागेल. नाही गेलात तर वॉरंट निघू शकतं आणि केसही पडेल. पण एकटीने आणि पदरमोड करून जायची गरज नाही.

तुमचा बसचा खर्च सरकारने द्यायचा आहे. बुडालेल्या दिवसाचा भत्ताही द्यायचा आहे, तो शेतमजुरीच्या किमान वेतनापेक्षा कमी असता कामा नये. जेवणाचा खर्च वेगळा. बाईमाणसाला, साठीच्या वरच्या माणसाला बरोबर एकजण नेता येतो आणि त्याचाही खर्च मिळतो. हे पैसे लगेच, फार तर तीन दिवसांत मिळायला हवेत. हे सगळं ॲट्रॉसिटी कायद्याच्या नियम अकरामध्ये आहे. तारीख पुढे गेली तरी तुम्ही हजर होता, म्हणून हजेरीचा दाखला मागून घ्या आणि तिकिटं जपून ठेवा. समाज कल्याण खात्याच्या तालुका कार्यालयात अर्ज द्यायला तुमच्या बिडी कामगार बायकांपैकी चौघी बरोबर घेऊन जा. एकीला 'उद्या या' म्हणतात, चौघींना बसायला सांगतात.

स्टँडवर उभ्या राहणाऱ्या माणसांविषयी. ते काही बोलत नाहीत म्हणून तक्रार होत नाही असं समजू नका. नुसतं बघणं हा धाकच आहे. २०१८ पासून देशभर साक्षीदार संरक्षण योजना लागू आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करायचा, पोलिसांनी पाच कामाच्या दिवसांत धोक्याचा अहवाल द्यायचा. मग कोर्टात येता-जाता पोलीस सोबत, घराजवळ गस्त, आरोपींशी समोरासमोर येऊ नये अशी व्यवस्था, असं बरंच काही मागता येतं. अर्ज लिहायला जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. बाई म्हणून आणि अनुसूचित जातीची म्हणूनही तुमचा तो हक्क आहे, उत्पन्न विचारत नाहीत. १४५६६ हा अत्याचाराच्या तक्रारीचा सरकारी फोन आहे, चोवीस तास चालू. त्यावर केलेली तक्रार नोंदली जाते, पैसे पडत नाहीत.

भाषेचं मनावर घेऊ नका. कोर्टात मराठीत बोला. तुमची साक्ष मराठीत लिहून घ्यायची, किंवा दुभाषी देऊन तिथल्या तिथे भाषांतर करून घ्यायची, हे काम कोर्टाचं. प्रश्न कळला नाही तर 'कळलं नाही' म्हणा. कळला नसताना मान हलवली की ते उत्तर म्हणून लिहिलं जातं आणि मग परत घेता येत नाही.

सरकारी वकील ओळखत नाहीत, हे दुःख मला फार जवळून माहीत आहे. एका माणसाकडे शेकडो केसेस असतात. पण साक्षीच्या आधी साक्षीदाराशी बोलणं त्याचं कामच आहे. तारखेच्या आठ दिवस आधी भाच्याने आणि तुम्ही त्यांच्या ऑफिसात जायचं, केस नंबर सांगायचा, आपलाच जबाब वाचून दाखवायला सांगायचा. तुमच्या भाच्याला जामिनाच्या, सुटकेच्या, शिक्षेच्या प्रत्येक सुनावणीची आधी नोटीस मिळण्याचा आणि तिथे बोलण्याचा हक्क आहे. हे ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम १५ अ. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरिराम भांभी खटल्यात सांगितलं की ही नोटीस बंधनकारक आहे. त्याच कलमात समाजसेवकांची, संस्थेची मदत घेण्याचाही हक्क आहे. कोर्टात तुमच्या शेजारी बसायला ओळखीची शिक्षिका, अंगणवाडीताई, कोणीही चालेल.

मी गावातला ज्येष्ठ नागरिक आहे. आमच्याकडच्या अशाच एका प्रकरणात आम्ही पंच बसून मिटवायचं म्हणतो. दोन्ही बाजूंना एकत्र राहायचं आहे. मुलांचं आयुष्य बरबाद होतं. बहुतेक केसेस खोट्याच असतात म्हणून तर सुटतात, असा आमचा अनुभव आहे. यात गैर काय?

काका, शांतता हवी हा तुमचा हेतू मी खरा मानते. पण पंचांना हा गुन्हा मिटवता येत नाही, तो तडजोडीचा गुन्हाच नाही. उच्च न्यायालय काही मोजक्या, खाजगी स्वरूपाच्या प्रकरणांत केस रद्द करतं, तेही स्वतः तपासून. आणि साक्षीदाराला खोटं बोल म्हणून धमकावणं हा वेगळा गुन्हा आहे. पंचांच्या बैठकीत ज्याच्याकडे जमीन नाही, ज्याचा रोजगार समोरच्याच्या रानात आहे, त्याचा 'होकार' कसा निघतो ते आपण दोघंही जाणतो.

सुटका म्हणजे खोटी केस नव्हे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे या कायद्याखालचं शिक्षेचं प्रमाण २०२० मध्ये ३९.२ टक्के होतं, ते २०२२ मध्ये ३२.४ वर आलं. कर्नाटकात ते फारच कमी आहे आणि खुद्द मुख्यमंत्र्यांनी आढावा बैठकांत त्यावर नाराजी बोलून दाखवली आहे. या सुटकेमागे काय असतं ते मी कोर्टात रोज बघते. तीन वर्षांनी फिरलेला साक्षीदार, पंचनाम्यावर सही असूनही 'मी नव्हतो' म्हणणारा पंच, भलत्याच अधिकाऱ्याने केलेला तपास. त्यातले पुष्कळ पंच आणि साक्षीदार तुमच्या बैठकीनंतर फिरलेले असतात, काका. पैशासाठी केस करतात असंही म्हणतात. जातीवरून अपमानाच्या गुन्ह्यात मदत एक लाख रुपये आहे. एफआयआरला पाव, आरोपपत्राला निम्मी, शिक्षा झाल्यावर उरलेली पाव. त्यासाठी कोणी वर्षभर रोजगार आणि दूध बंद करून घेईल का, तुम्हीच सांगा.

तुम्हाला बैठक घ्यायचीच असेल तर घ्या, आणि तीत एवढंच ठरवा की केस कोर्टात चालेल, कोणी कोणाच्या साक्षीदाराच्या दारात जाणार नाही, आणि डेअरी, गिरणी, पाणी सगळ्यांना चालू राहील. त्या बैठकीला मी स्वतः येईन.

मी खानापूर तालुक्यात शिक्षक आहे. आठवडी बाजारात एका मुसलमान भाजीवाल्याची गाडी सात-आठ जणांनी घोषणा देत उलथवली, त्याचा हात मोडला. पोलिसांनी 'किरकोळ भांडण' लिहिलं. ॲट्रॉसिटी तर लागत नाही. मग अशा गुन्ह्याला काहीच नाही का? आणि भाषेवरून मारहाण झाली तर?

आहे, सर. भारतीय न्याय संहितेत कलम ११७ चं चौथं पोटकलम बघा. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून कोणाला गंभीर इजा केली तर त्यातल्या प्रत्येकाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मोडलेला हात ही गंभीर इजा आहे. जीव गेला तर १०३ (२), तिथे फाशी किंवा जन्मठेप. यात भाषा हे कारण स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि आपल्या सीमाभागात ते दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवायला हवं. मराठी बोलतो म्हणून मारलेला आणि कन्नड बोलतो म्हणून मारलेला, दोघांनाही तेच कलम. आपल्या माणसांनी मारलं असेल तेव्हाही आपण साक्षीला उभे राहिलो, तरच दुसऱ्या वेळी आपण न्याय मागू शकतो. मी हे इथल्या मराठी माणसांना मुद्दाम सांगते.

भाजीवाल्याच्या केसमध्ये कारण सिद्ध करणं हीच अडचण असते. मारहाण सगळे बघतात, पण का मारलं हे जबाबात येत नाही. घोषणा काय होत्या, आधी कोणता मेसेज फिरला, त्याच रांगेतल्या दुसऱ्या गाड्या का सोडल्या, हे बाजारातल्या इतर विक्रेत्यांनी सांगायला हवं. तुम्ही शिक्षक आहात, तुमच्या विद्यार्थ्यांचे आईवडील त्या बाजारात बसतात. त्यांच्याशी बोला. पुरवणी जबाब घेऊन कलम वाढवा, असा अर्ज एसपींना द्या. २०१८ च्या तहसीन पूनावाला निकालानुसार झुंडीच्या हिंसेसाठी प्रत्येक जिल्ह्यात एसपी दर्जाचा नोडल अधिकारी असतो. द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न बघता पोलिसांनी गुन्हा नोंदवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं आहे. तिथे पुढची अडचण अशी की न्याय संहितेच्या कलम १९६ च्या, म्हणजे समाजात द्वेष पसरवण्याच्या, खटल्याला सरकारची मंजुरी लागते आणि फाईल तिथे पडून राहते. ती कुठे आहे हे विचारत राहणं हे नागरिकांचं काम. गणपती, ईद, शिवजयंती, राज्योत्सवाआधी ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. मिरवणुकीचा मार्ग आणि साऊंड यावर चर्चा करून सगळे उठतात. मागच्या वर्षीच्या गुन्ह्याचं काय झालं, हा प्रश्न त्या बैठकीत तुम्ही विचारा.

डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या इथल्या, बेळगावच्या सुवर्णसौधात, म्हणजे विधानभवनात, द्वेषभाषण आणि द्वेषगुन्ह्यांवरचं विधेयक मंजूर झालं. पण गुन्हा घडला त्या दिवशी जो कायदा होता तोच लागतो. त्यामुळे नव्या कलमांची वाट बघत बसू नका.

बेळगावात लॉ कॉलेजला शिकतो. आमच्या तालुक्यातल्या अशा केसेसच्या तारखांना आम्ही मुलं जाऊन बसू शकतो का? त्याने काही फरक पडतो?

बसा. काही मोजके अपवाद सोडले तर सुनावणी सगळ्यांसाठी उघडी असते. मोबाईल बंद, शेवटच्या बाकावर, एक शब्द बोलायचा नाही, साक्षीदाराला खुणा करायच्या नाहीत. फरक पडतो. बाकावर ओळखीची चार तोंडं दिसली की साक्षीदार पाणी न मागता पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, हे मी पाहिलं आहे. ई-कोर्ट्स ॲपवर केसचा सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळालेला ओळख क्रमांक, टाकला की पुढची तारीख दिसते. प्रत्येक तारखेला कोण हजर होतं, कोणी मुदत मागितली, कोणत्या कारणाने, हे एका वहीत लिहा. आरोपपत्रानंतर दोन महिन्यांत खटला शक्यतो संपवावा असं कायदा सांगतो. सहा महिन्यांची तुमची नोंद तयार झाली की ती दक्षता समितीच्या पुढच्या बैठकीच्या पंधरा दिवस आधी डीसी ऑफिसच्या आवक शाखेत द्या आणि पोच घ्या. पहिल्या तारखेला जाताना ओळखपत्र बरोबर ठेवा, गेटवर विचारतात.